लहान सरांना आम्ही दिलेला पहिला नंबर

धाकटा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली. तिथं काय करायचं यावर शहराच्या कडेला बेस्यात असलेल्या आमच्या घरात पंधरा दिवस चर्चा चालली. नवऱ्याला तिथं बँकेच्या जुन्या डायऱ्या नीट लावून ठेवायच्या होत्या. मला टेबल हवं होतं. टेबल आलं, कारण चर्चा चालू असतानाच मी विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात जाऊन एम.ए.ला प्रवेश घेऊन आले होते. विषय भूगोल. वय एकोणपन्नास.

"भूगोल?" नवरा म्हणाला. "तू अजून सीताबर्डीवरून घरी येताना रस्ता चुकते."

"म्हणूनच," मी म्हणाले.

खरं कारण असं की सत्तावीस वर्षांपूर्वी काटोलच्या कॉलेजात बी.ए. केलं, तेव्हा हाच विषय होता. पुढं शिकायचं मनात होतं. मग लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि मनातलं मनात राहिलं. मला कोणी अडवलं नव्हतं. मीच कोणाला विचारलं नव्हतं. माझं तसंच आहे. मला विचारता येत नाही, सांगता मात्र भरपूर येतं. लग्नकार्यात, बारशात, अगदी तेराव्यालासुद्धा नातेवाईक माझ्याभोवती बसतात आणि मी कोणाची तरी फजिती रंगवून सांगते. आजवर ती फजिती दुसऱ्याची असायची. ही माझी आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

वर्गात आम्ही एकोणीस जण. बाकीचे अठरा बाविशीच्या आसपासचे. मी आल्यामुळं वर्गाचं सरासरी वय एकदम दीड वर्षानं वाढलं, हा हिशेब एका मुलानं पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडून दाखवला. सगळे मला काकू म्हणू लागले. एकटी सी.आर., म्हणजे वर्गाची प्रतिनिधी, मला आत्या म्हणायची. ती माझ्या माहेरची, काटोलची, रोज बसनं येणारी-जाणारी, आणि गावच्या लेकीला काकू म्हणणं तिला पटत नव्हतं. "तुमी आमच्या गावच्या. काकू कशा व्हान तुमी?" असं तिनं वर्गाला समजावून पाहिलं. वर्गानं ऐकलं नाही.

आम्हाला शिकवायला मुख्यतः दोघं. मोठे सर आणि लहान सर. मोठे सर कायमस्वरूपी प्राध्यापक. ते पिवळ्या पडलेल्या कागदांवरून नोट्स सांगायचे, स्वल्पविरामासकट, आणि आम्ही लिहून घ्यायचो. वर्गात कोणी नसतं तरी त्यांचा तास तसाच पार पडला असता.

लहान सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन, आणि दर वर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. उन्हाळा लागला की नोकरी संपली. पंचविशी ओलांडलेले, सडपातळ, पारशिवनीहून बसनं यायचे आणि पाठीवरच्या पिशवीतून गुंडाळलेले नकाशे काढायचे. कोणाला काही कळलं नाही तर ते त्याच्यावर चिडत नसत. स्वतःवर चिडत.

समोच्च रेषा मला काही केल्या कळत नव्हत्या. नकाशावर एकात एक वाटोळ्या रेषा काढलेल्या असतात आणि त्यावरून टेकडी ओळखायची असते. मला ती रांगोळी वाटायची. सर म्हणाले, "काकू, उद्या घरून एक मोठा बटाटा आणा. वेडावाकडा पायजे."

मी घरी विचार केला, वेडावाकडाच पाहिजे तर बटाटा कशाला? सुरण नेला. दोन उंचवट्यांचा, मधे खोलगट. सर इतके खूश झाले की त्यांनी तो सगळ्या वर्गात फिरवला. मग त्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या केल्या, एकेक चकती कागदावर ठेवून आम्हाला तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायला लावली. सगळ्या चकत्या झाल्यावर पाहते तर कागदावर दोन टेकड्या आणि मधली खिंड! मी टेबलाकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि बी.ए.पासून डोक्यात अडकून बसलेलं काहीतरी सुटलं. माझ्या तोंडून "माय वं!" निघालं.

पुढच्या दहा मिनिटांत सगळ्या वर्गाचे हात खाजू लागले. कच्चा सुरण खाजतो, हे घरात पंचवीस वर्षं सुरण चिरणाऱ्या बाईला आठवायला नको? कॅन्टीनमधून लिंबं आणली, एकोणीस विद्यार्थी आणि एक सर ओळीनं उभे राहून हात चोळत राहिले. सर म्हणाले, "चांगलं झालं. खाजलं म्हणजे लक्षात राहीन."

त्यांचा दोष एकच. तास वेळेवर संपवणं त्यांना जमत नसे. चारला संपायचा तो साडेचारला संपे, आणि सी.आर.ची काटोलची बस चुके.

एप्रिल लागला. वर्गातला कूलर नुसता आवाज करत होता. अशा दुपारी शिपाई फीडबॅक फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला. पदव्युत्तर अभ्यासक्रमाविषयी विद्यार्थ्यांचे अभिप्राय. नाव लिहायचं नव्हतं. प्रत्येक शिक्षकाबद्दल दहा प्रश्न, शिवाय वाचनालय, निकाल, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह वगैरे, आणि प्रत्येक प्रश्नापुढं एक ते पाच आकडे. आपल्याला योग्य वाटेल त्या आकड्याभोवती गोल करायचा. आकड्यांचा अर्थ मूळ कागदाच्या तळाशी छापलेला होता. पण मूळ कागद लांब होता आणि झेरॉक्स लहान कागदावर काढलेली होती. तळाची ओळ कापली गेली होती.

"आत्या," सी.आर.नं विचारलं, "यात एक म्हणजे चांगलं का पाच म्हणजे चांगलं?"

आता मला माहीत नव्हतं. ऑफिस चाळीस पावलांवर होतं. पण माझ्याकडं अठरा चेहरे वळले होते, आणि मला कोणी काही विचारलं की माझं तोंड मेंदूची वाट पाहत नाही.

"एक म्हणजे पहिला नंबर," मी म्हणाले. "यात विचारायचं काय?"

सरासरी वयाचा हिशेब मांडणारा तो मुलगा म्हणाला, "काकू, पाचपैकी पाच म्हणजे फुल मार्क नसतीन काय?"

"हे मार्क नाहीत, बाळा. क्रमांक आहेत."

मी हे ठासून म्हणाले कारण आमच्या कॉलनीच्या महिला मंडळात मी दहा वर्षं संक्रांतीच्या तीळगूळ-वडी स्पर्धेची परीक्षक आहे. तिथं मी वड्या चाखते आणि कागदावर एक, दोन, तीन लिहिते. आजवर एकाही बाईनं माझ्याकडं पाचवा नंबर मागितलेला नाही. मुलगा गप्प बसला. मोठ्या माणसांपुढं गप्प बसायचं असतं असं त्याला घरी शिकवलं असणार. त्याच्या आईवडिलांबद्दल मला आदर आहे, पण त्या दिवशी त्यांनी जरा कमी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

लहान सरांना आम्ही सगळ्यांनी सगळीकडं एक दिला. माझा तर एकेक गोल इतका सुबक होता की त्यावर हळदीकुंकू वाहावं. मोठ्या सरांना पाच. पाचवा क्रमांक, म्हणजे उत्तेजनार्थसुद्धा नाही. स्वच्छतागृहालाही एकमतानं पाच.

आठवडा गेला. लहान सर बदलले. पिशवीतून नकाशे निघेनासे झाले. पुस्तक उघडून ते सांगत, चारच्या ठोक्याला मिटत. सी.आर.ला सलग तीन दिवस बस मिळाली. शनिवारी जाताना ते दारात थांबले आणि म्हणाले, "तुमाले काही समजत नसन तर सांगत जा. मी पुन्हा सांगीन. मनात ठेवू नका."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. "सर घरच्या टेन्शनमंधी असतीन," असा निष्कर्ष मी काढला आणि वर्गाला सांगितला. मी निष्कर्ष काढला की वर्ग तो मानायचा, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

मोठे सर मात्र उमलले होते. एके दिवशी त्यांनी पिवळे कागद बाजूला ठेवले आणि स्वतः तरुणपणी वैनगंगेच्या पुरात कसे अडकले होते ते सांगायला लागले. सांगता सांगता खडू घेतला, नदीचं वळण काढलं, पाणी कुठं कापतं आणि कुठं गाळ टाकतं ते दाखवलं. तास संपला तेव्हा आम्हाला कळलंसुद्धा नाही. जाताना ते आमच्याकडं पाहून चक्क हसले. आम्हाला भीतीच वाटली.

सोमवारी सी.आर. बसच्या पाससाठी बोनाफाईड आणायला ऑफिसात गेली आणि पळतच परत आली. उन्हानं लाल झालेला चेहरा आणखी लाल.

"आत्या, घोळ झाला. बाबूच्या टेबलावर आपल्या फॉर्मचा गोषवारा आहे. पाच म्हणजे उत्कृष्ट. एक म्हणजे अत्यंत असमाधानकारक. लहान सरांना सरासरी एक आहे. मोठ्या सरांना पाच. आन् तो कागद लहान सरांच्या फाईलमंधी लागून राहिला, पुढच्या वर्षीच्या मुलाखतीसाठी."

तो हिशेबवाला मुलगा माझ्याकडं पाहतसुद्धा नव्हता, एवढा सभ्य. त्यानं निदान "मी म्हटलं होतं" एवढं म्हणायला हवं होतं. ते शेवटी मीच त्याच्या वतीनं म्हणाले. "तू म्हटलं होतंस रे."

"जाऊ द्या काकू," तो म्हणाला.

ह्या "जाऊ द्या"बद्दल मी त्याची आयुष्यभर ऋणी आहे. मी सी.आर.ला घेऊन तडक विभागप्रमुख मॅडमकडं गेले. त्या माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. वर्षभर त्यांना भेटताना मी उगाचच ताठ बसायचे. त्या दिवशी उभीच राहिले आणि सगळं सांगितलं. तीळगूळ-वडीसकट.

मॅडमनी चष्मा काढला. बराच वेळ त्या खिडकीकडं पाहत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. रडत असाव्यात असं वाटून मी आणखी घाबरले. मग त्या वळल्या.

"मला वाटलंच होतं काहीतरी गडबड आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या स्वच्छतागृहाला पाचपैकी पाच?"

पण मग त्या गंभीर झाल्या. फॉर्मवर नावं नव्हती, त्यामुळं कोणाचा कोणता हे सांगता येत नव्हतं, आणि आकडे नुसते उलटे फिरवता येणार नव्हते. "तुम्ही सगळ्यांनी पुन्हा लिहून द्या. या वेळी आकडे नको. शब्दांत लिहा, नाव घाला, सही करा. आणि तुम्ही, काय झालं ते वेगळं लिहा."

"मोठ्या सरांचं...?" मी चाचरत विचारलं. खरं सांगते, वैनगंगेचा तो तास मला गमवायचा नव्हता.

"चूक दुरुस्त करायची तर दोन्हीकडची करायची," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही. बँकेत अधिकारी आहे, चुकीचा अर्ज म्हटला की त्याच्यातला माणूस जागा होतो. "मी लिहून देतो," म्हणाला, आणि पाटावर कागद ठेवून त्यानं सुरुवात केली: उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, अर्जदाराकडून अनवधानाने...

"अर्जदार कोण?"

"तू."

"मग 'मी' लिहा नं."

"अर्जात 'मी' नसते लिहीत."

दुसरा मसुदा मी स्वतः केला. तो महिला मंडळाच्या इतिवृत्तासारखा झाला, शेवटी आभारप्रदर्शनसुद्धा आलं. तिसऱ्या वेळी मी फक्त जे झालं ते लिहिलं. मला माहीत नव्हतं. मी माहीत असल्यासारखं सांगितलं. मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवला. सगळी मिळून दहा ओळी झाल्या. आयुष्यात मी एवढं थोडक्यात कधी काही सांगितलेलं नाही.

मंगळवारी वर्गात खरा वाद झाला. नाव घालून लिहायचं म्हटल्यावर दोन-तीन जण कचरले. एक जण म्हणाला, "फक्त चांगलं चांगलं लिहू. लहान सरांचं काम होऊन जाईन."

सी.आर. उसळली. "काहून? चांगलं चांगलंच लिवलं तं कोन इश्वास ठेवन? मी तं लिहीन, सर उशिरा सोडतात, माही बस चुकते."

"अवं, मग त्याईले कोन घेईन?"

"पुढचं बी लिहीन नं मी. बस चुकली तरी बसस्टॉपवर उभं राहून मी तेच डोक्यात घोळवत राहते, ते बी लिहीन."

मग सगळे वाकून लिहायला लागले. वाचनालयात नवी पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात, निकाल इतका उशिरा लागतो की आपण पास झालो याचा आनंद शिळा होतो, पाण्याच्या कूलरचं पाणी गरम असतं, सगळं आलं. एका मुलीनं लिहिलं की ती पुण्याला जाणार होती, घरच्यांनी जाऊ दिलं नाही, म्हणून ती इथं रडत आली होती. आता तिला सरकारी नोकरीची परीक्षा द्यायची नाही, नकाशे करायचे आहेत. हिशेबवाल्या मुलानं लिहिलं, "सरांना उत्तर आलं नाही तर ते 'मला माहीत नाही, उद्या पाहून सांगतो' म्हणतात. आणि उद्या सांगतात." हे वाचताना माझे कान तापले. त्यानं मला उद्देशून लिहिलं नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी तापले.

बुधवारी आम्ही गठ्ठा घेऊन गेलो. मॅडमनी एकेक कागद वाचला. अधूनमधून हसल्या, एकदा डोळे पुसले, वाचनालयाच्या कुलपाचा कागद बाजूला काढून ठेवला. मग म्हणाल्या, "फाईल दुरुस्त होईल. पण एक अडचण आहे. सरांचा अर्जच आलेला नाही."

त्या वर्षी जाहिरात लवकर निघाली होती. अर्जाची शेवटची तारीख गुरुवार, संध्याकाळी पाच. अर्ज स्वतः सही करून, स्वतः आणून द्यायचा. आणि सोमवारी लहान सरांचा तास नसे, मंगळवारपासून तर ते आलेच नव्हते. फोन बंद.

"गोषवारा पाहिल्यावर ते माझ्याकडं आले होते," मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं, आकड्यांवर जाऊ नका, अर्ज करा. ते म्हणाले, पोरांनीच नको म्हटलं तर कशाला करायचा?"

घरी येताना मी रस्ता चुकले नाही. एवढं सुन्न असताना रस्ता बरोबर सापडतो, हे मला नवीन होतं.

गुरुवारी नवऱ्यानं रजा टाकली. मी मागितली नव्हती. सकाळी नऊला गाडीची चावी हातात घेऊन उभा होता, "पारशिवनीचा रस्ता मला माहीत आहे, तू फक्त गाडीत बस" म्हणाला. सी.आर.ला बसस्टँडवरून घेतलं. तिच्याकडं सगळ्या अभिप्रायांच्या झेरॉक्स होत्या, या वेळी पूर्ण कागदावर काढलेल्या.

गावात विचारत विचारत घर सापडलं. अंगणात निंबाखाली खाट होती. सरांच्या आई बाहेर आल्या. "सर आहेत काय?" मी विचारलं. "येईनच आता, रामटेकले गेला हाय. तुमी बसा नं." आम्ही बसलो. त्यांनी आमच्या तिघांकडं नीट पाहिलं. नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट, माझी बरी साडी, आणि मधे खाली मान घालून बसलेली, ओढणी सावरणारी सी.आर. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं पोहे घेऊन आल्या. कैरीचं पन्हं आलं. शेजारच्या दोन बायका पाणी मागायच्या निमित्तानं डोकावून गेल्या.

"पोरगी शिकलेली दिसते," सरांच्या आई मला म्हणाल्या.

"हो, एम.ए. करून राहिली."

"स्वयपाक येते काय वं तुले?" त्यांनी सी.आर.ला विचारलं.

सी.आर.नं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझा हात घट्ट पकडला. नवऱ्यानं घसा साफ केला, पण शब्द फुटेना. बँकेत या प्रसंगाचा अर्ज नसतो. "अवं माय," मी म्हणाले, "आम्ही स्थळ घेऊन नाही आलो. ही सरांची विद्यार्थिनी आहे. मीसुद्धा."

"तुमी?" त्या मला वरपासून खालपर्यंत पाहत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या, आणि पोह्यांवर आणखी खोबरं घातलं. बरं झालं त्या हसल्या, कारण तेवढ्यात सर आले.

ते रामटेकला जमीन मोजणाऱ्या एका खासगी माणसाकडं काम विचारायला गेले होते. सोमवारपासून रुजू व्हायचं ठरवून आले होते. आम्हाला पाहून फाटकातच थांबले. मी वर्षभर ज्यांना "सर, सर" म्हणत होते ते माझ्या मोठ्या मुलाएवढे आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मी सांगितलं. उभं राहून, वडीचं सोडून, कारण हसवून सुटका करून घ्यावी असं मला वाटेना. "सर, तुम्हाला मिळालेला एक हा माझा आहे. मुलांचा नाही. मला वाटलं एक म्हणजे पहिला. तुम्हीच पहिले होता."

सी.आर.नं गठ्ठा पुढं केला. ते निंबाच्या बुंध्याला टेकून उभ्यानं वाचत होते. पानं उलटत होती. त्यांच्या आई दारात, आम्ही खाटेवर. मधेच ते म्हणाले, "सगळ्याईनंच लिवलं, मी उशिरा सोडतो."

"खरं हाय ते, सर," सी.आर. म्हणाली.

ते आणखी वाचत राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी कागद नीट जुळवले, कडा सारख्या केल्या. "मले वाटलं होतं," ते हळूच म्हणाले, "मी जे बोलतो ते मधातच कुठंतरी पडून जाते. तिथपर्यंत जातच नाई."

"जाते, सर," मी म्हणाले.

नवऱ्यानं घड्याळ पाहिलं. "साडेबारा झाले. अर्ज कोरा आणलाय मी. फोटो आहे का तुमच्याकडं? प्रमाणपत्रांच्या प्रती?" माणसाला ज्यासाठी देवानं घडवलं ते काम त्याला कधीतरी सापडतंच. सरांच्या आईनं पत्र्याची पेटी आणली. खाटेवर कागद पसरले. नवरा एकेक रकाना सांगत होता, सर भरत होते, सी.आर. झेरॉक्सला पळत होती. मला काम दिलं नाही. फक्त एकदा सर म्हणाले, "काकू, इथं 'शैक्षणिक अनुभव' लिवायचा. वर्षं किती झाले?" आणि मी म्हणाले, "मला माहीत नाही, सर. तुम्ही सांगा." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं तर पेनच खाली ठेवला.

साडेचारला सरांना घेऊन आम्ही विभागाच्या पायऱ्या चढत होतो. बाबूनं अर्ज घेतला, शिक्का मारला.

शुक्रवारी मोठे सर आले नाहीत. शनिवारीही नाही. त्यांना मॅडमनी सगळं सांगितलं होतं. सोमवारी ते आले. हातात पिवळे कागद नव्हते. खुर्चीवर बसले. "वैनगंगेचा तास मला स्वतःला आवडला होता," ते म्हणाले. "आता तुम्हाला आवडो न आवडो, पुढं चालू ठेवतो." आणि त्यांनी खडू उचलला. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही, पण त्या तासाला मी बसून ऐकत राहिले आणि मनात त्यांना नमस्कार केला. आपल्याला मिळालेली शाबासकी काढून घेतल्यावरही तसंच शिकवायला जे लागतं ते माझ्यात असतं की नाही, मला शंका आहे.

लोक मला विचारतात, विद्यापीठातला एम.ए. कसा आहे हो, मुलीला घालू का? पूर्वी मी चटकन सांगितलं असतं. आता म्हणते, दोन दिवस येऊन वर्गात बसा, पोरांना विचारा. पाणी गरम आहे. निकाल उशिरा लागतो. बाकी त्यांच्या तोंडून ऐका.

मुलाखती मे महिन्यात झाल्या, आणि मग काहीच कळेना. जून अर्धा गेला. मी रोज सी.आर.ला फोन करायचे, ती रोज म्हणायची, "आत्या, अजून यादी नाई लागली." एक दिवस दुपारी मी दुधी किसत होते, फोन वाजला. लहान सरांचा नंबर.

"काकू, झालं. ऑर्डर आली."

मी फोन कानाला लावून उभी राहिले. बोलायला किती होतं. पण घशातून काही बाहेरच पडेना. पलीकडून "काकू? हॅलो? काकू?" चाललं होतं. नवरा बाहेरच्या खोलीतून उठून आला, माझ्या हातून फोन घेतला आणि कट झाला की काय म्हणून स्क्रीनकडं पाहू लागला.